शून्याचे तीन आठवडे

स्टीलचं टेबल स्वच्छ आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. ते चकाकतं, एवढंच कळतं. ते खरंच स्वच्छ आहे की नाही हे ठरवणं माझं काम आहे आणि गेली सोळा वर्षं मी ते एका काजव्याच्या भरवशावर करते.

न्यू जर्सीत, पार्सिपनीपासून अर्ध्या तासावर आमचा कारखाना आहे. पनीर, दही, श्रीखंड. आसपासच्या देशी दुकानांत आमचा माल जातो. मी तिथे क्वालिटी बघते. मूळची सांगलीची, बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. लग्न करून इकडे आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरीला परवानगी नव्हती. ती पाच वर्षं मी घरातल्या प्रत्येक बरणीला लेबल लावलं आणि प्रत्येक कामाची यादी केली. मग परवानगी मिळाली, कारखान्यात लागले आणि तिथेही तेच करत राहिले. नवरा म्हणतो, ‘तू आजारी पडलीस तर आधी लक्षणांची यादी करशील, मग कण्हशील.’ खरं आहे.

काजव्याचं सांगते. प्रत्येक जिवंत पेशीत एटीपी नावाचा एक पदार्थ असतो. पेशीला काहीही करायचं असलं, वाढायचं, हलायचं, फुटून दोन व्हायचं, की तिला त्यातूनच शक्ती मिळते. गाय, कांदा, विरजणातले जिवाणू, नळाच्या तोंडावरची बुरशी, तुम्ही आणि मी, सगळ्यांत तोच. निसर्गाने हे एक काम प्रत्येकासाठी वेगळं केलेलं नाही. काजव्याच्या पोटात एक विकर असतं, एन्झाइम. त्याला एटीपी मिळाला की उजेड पडतो. हे विकर आता जिवाणूंकडूनच बनवून घेतात आणि एका नळीत भरून विकतात. नळीत कापसाची काडी असते, तिला आम्ही स्वॅब म्हणतो. धुतलेल्या जागेवर काडी फिरवायची, नळीत दाबायची, हलवायची, मीटरमध्ये घालायची. पंधरा सेकंदांत आकडा येतो. जेवढा उजेड तेवढा आकडा, म्हणजे तेवढी जीवसृष्टी धुलाईनंतरही मागे उरलेली. आमच्याकडे दहाच्या खाली पास, तीसच्या वर नापास, मधलं असेल तर पुन्हा धुवा.

यात एक मेख आहे. उजेड कुणाचा ते मीटरला कळत नाही. एकदा पॅकिंगच्या टेबलावर आठशे आले. सगळं दोनदा धुतलं, तरी तिसऱ्यांदा तेच. शेवटी कळलं की आमचा एक ड्रायव्हर तिथे उभा राहून रोज संत्रं सोलत होता. दुसऱ्यांदा एक तपासनीस आले होते, फार कडक माणूस. बोट दाखवून म्हणाले, ‘तो दरवाजा तपासा.’ मी म्हटलं, आधी तुमचं पेन तपासू का? हसले आणि पेन दिलं. आकडा बघून त्यांनी ते परत खिशात घातलं नाही, कचऱ्यात टाकलं. ते आवडतं पेन असावं. मला अजून वाईट वाटतं.

पण हे सगळं मी गमतीने सांगू शकते कारण त्यात चूक झाली तर फार तर एक बॅच वाया जाते. पुढचं तसं नाही.

आमच्या धुलाईच्या टीमच्या प्रमुख मंगलाताई. नागपूरच्या. साठीला आलेल्या, बुटक्या, चालायला आमच्यात सगळ्यांत जलद. मुलगा इकडे इंजिनियर, त्याच्याकडे आल्या, घरी बसवेना म्हणून कारखान्यात लागल्या. सकाळी आत येताना ‘जय भीम’ म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता बुटांवर कव्हर चढवायला लागतात. पाइप, व्हॉल्व्ह, पनीरच्या वड्या पाडायचा कटर, नाल्या, प्रत्येक भाग सोडवून धुतात. नवीन पोरं वरवर पाणी मारायला लागली की म्हणतात, ‘हे काय गाडी धुवून राहिला काय? लेकराच्या तोंडात जाते हे.’

तर ते गणपतीचे दिवस होते. मंडळाच्या कार्यक्रमात दोनशे माणसांसाठी उकडीच्या मोदकांचं सारण माझ्याकडे होतं. यादीत लिहिलं होतं: ‘नारळ २२, गूळ, वेलची, सारण शुक्रवारीच.’ घरचा फ्रिज भरला. मग मी एक गोष्ट केली जी मी दुसऱ्या कुणाला करू दिली नसती. लॅबच्या फ्रिजवर माझ्याच अक्षरात चिकटवलेलं आहे: ‘खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत.’ शुक्रवारी संध्याकाळी मी सारणाचे दोन मोठे डबे त्या फ्रिजमध्ये ठेवले. जागा होईना, म्हणून स्वॅबची दोन खोकी बाहेर काढून शेजारच्या ओव्हनवर ठेवली. पाच मिनिटांसाठी. दुसरीकडे जागा करते आणि आत घालते, असं मनात होतं. तेवढ्यात मंडळातून फोन आला, केळीची पानं मिळाली नाहीत. मी केळीच्या पानांच्या मागे लागले आणि निघाले.

तो ओव्हन नमुने सुकवायचा. आठवडाभर चालू असतो. आत शंभरच्या वर, बाहेरून वरच्या पत्र्यावर तळहात टेकवून ठेवता येत नाही. शनिवारी सकाळी येऊन सारण घेऊन गेले. खोकी दिसली नाहीत, कारण माझं लक्ष डब्यांवर होतं. सोमवारी सकाळी ती दिसली. उचलली, फ्रिजमध्ये ठेवली, तापमानाच्या तक्त्यावर ‘४ अंश’ लिहिलं. ते खरंच चार अंश होतं.

आता विकर म्हणजे प्रोटीन. उकडलेलं अंडं परत पातळ होत नाही, तसंच ते. उष्णतेने मोडलं की पुन्हा गार केल्याने सुधारत नाही. हे मला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

यासाठीच माझ्या सकाळच्या यादीत चौथी ओळ आहे: ‘जिवंत तपासणी.’ रोज पहिला स्वॅब आपल्याच तळहातावर फिरवायचा. आकडा हजारांत यायला हवा. आला म्हणजे नळीतलं विकर चांगलं आहे, मग कामाला लागा. पण रोज यायचाच. वर्षानुवर्षं आला. मग कधीतरी, नक्की कधी ते मला सांगता येत नाही, मी ती तपासणी न करताच बरोबरची खूण करायला लागले होते. एक स्वॅब वाचतो, एक मिनिट वाचतं. यादी पूर्ण दिसते.

सोमवारपासून आकडे सुंदर यायला लागले. शून्य. शून्य. एक. शून्य. आमच्याकडे चांगल्या धुलाईनंतर चार-पाच यायचे, क्वचित शून्य. मी मंगलाताईंना म्हटलं, ‘काय करताय काय तुम्ही?’

‘काही नाही मॅडम. तेच. पण नवीन ब्रश आलेत न, त्यानं असंल.’

दुसऱ्या आठवड्यात प्लांट मॅनेजर संजयने, तो पुण्याचा, मंगलाताईंचा फोटो नोटीस बोर्डावर लावला. खाली लिहिलं होतं, ‘झीरो क्वीन’. कॅन्टीनमध्ये केक कापला. मंगलाताईंना भेट म्हणून पनीरच्या पाकिटांचं एक खोकं दिलं. आकार वाकडा आलेली, बाकी उत्तम पाकिटं. त्या खूश झाल्या. ‘सुनेला होईल,’ म्हणाल्या. सून स्नेहल, सातवा महिना. ‘तिला पनीरचंच वेड लागलं आहे. कच्चंच खाते, मिरपूड लावून. माझा मुलगा म्हणते, आई, फॅक्टरीच आण घरी.’

मी हसले. मला ते वाक्य जसंच्या तसं आठवतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी पावणेसातला मंगलाताई लॅबच्या दारात उभ्या. हेअरनेट हातात, चेहरा उतरलेला. त्यांनी ‘जय भीम’ म्हटलं नाही.

‘मॅडम, लाइन चालू करू नका.’

‘का? आकडे आलेत सगळे. कटर शून्य.’

‘तेच म्हणून राहिली मी. कटर आज धुतलाच नाही. गरम पाणी बंद पडलं होतं. मी पोराला म्हटलं, कटर राहू दे, पाणी आलं की धुऊ. अन् तुमची मुलगी येऊन तपासून गेली.’ माझी असिस्टंट. ‘तिनं मला सांगितलं, कटर झीरो. कालचं पनीर लागलेलं होतं त्याला, मॅडम. मी डोळ्यानं पाहिलं. झीरो कसं येईल?’

त्यांना वाटत होतं की चूक त्यांची आहे. त्या माफी मागायला आल्या होत्या.

मी फ्रिज उघडला. त्याच खोक्यातला एक स्वॅब काढला आणि माझ्या तळहातावर फिरवला. बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याखाली. सकाळपासून मी हातमोजे घातले नव्हते, फोन हाताळला होता, कारचं स्टीअरिंग धरलं होतं, केसांना हात लावला होता. दाबला, हलवला, मीटरमध्ये घातला. पंधरा सेकंद.

शून्य.

पुन्हा. दुसरा हात. शून्य. कॅन्टीनमधून कांद्याची फोड आणली. शून्य. मंगलाताईंनी न सांगता आपला हात पुढे केला. शून्य. खोलीत दोन बायका आणि एक कांदा, आणि मीटरच्या मते तिथे कुणीच जिवंत नव्हतं.

मला काय झालं ते सांगते. डोकं लगेच मागे धावायला लागलं: गुरुवार, बुधवार, मंगळवार... सोमवार... आणि ओव्हनच्या गरम पत्र्यावरची दोन खोकी मला इतकी स्वच्छ दिसली की मी वळून ओव्हनकडे पाहिलं.

तीन आठवडे आम्ही आंधळेपणाने लाइन सुरू करत होतो.

इथे बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. दुधाच्या कारखान्यात आम्ही ज्याला घाबरतो त्याचं नाव लिस्टेरिया. बाकीचे जिवाणू फ्रिजमध्ये मंदावतात, हा फ्रिजमध्येही वाढतो. नाल्यांत राहतो, ओलसर फटींत राहतो. धडधाकट माणसाला फार तर पोट बिघडवतो. गरोदर बाईला थोडा ताप आल्यासारखं होतं, बाकी काही नाही, आणि आत बाळ जाऊ शकतं. आणि खाल्ल्यापासून त्याचं रूप दिसायला सत्तर दिवसांपर्यंतही लागू शकतात.

संजय ऐकत असताना उभाच राहिला. मग म्हणाला, ‘सगळं होल्ड कर. एक पाकीट बाहेर जाता कामा नये.’ प्रत्येक बॅचची काही पाकिटं आम्ही राखून ठेवतो, ती सगळी, आणि यंत्रांचे, नाल्यांचे नमुने बाहेरच्या लॅबमध्ये पाठवले. निकालाला चार दिवस. ‘एक जरी पाकीट पॉझिटिव्ह आलं तर सगळा माल परत बोलावू. तोवर कुणाला काही बोलू नकोस, यार. उगाच पॅनिक होईल. आपल्याला अजून काही माहीतच नाही.’

‘मंगलाताईंच्या घरी खोकं गेलंय.’

‘कसलं खोकं?’

‘तू दिलेलं.’

तो खाली बसला. मग म्हणाला, ‘चार दिवस, शुभदा. फक्त चार दिवस थांब.’

मी माझ्या खोलीत येऊन यादी करायला घेतली. कुठल्या बॅच, कुठल्या दुकानांत, कुठल्या तारखांना. अडतीस ओळी झाल्या. एकोणचाळिसावी ओळ लिहिली: ‘स्नेहल.’ ते नाव लिहून झाल्यावर मला यादी पुढे नेता येईना. मी उठले.

मंगलाताई लॉकर रूममध्ये एकट्याच बाकावर बसल्या होत्या. मी दार लावलं आणि सांगितलं. सारणाचे डबे, ओव्हन, चौथ्या ओळीवरची खूण. सगळं क्रमाने. क्रमाने सांगणं एवढंच मला येतं.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘काय बोलून राहिल्या तुम्ही?’

‘स्नेहलला पनीर खाऊ देऊ नका. उरलेलं फेकू नका, मला द्या, तपासायचंय. आणि तिला ताप आहे का विचारा.’

‘परवा कणकण होती,’ मंगलाताई म्हणाल्या. एकदम हळू आवाजात. ‘आम्ही म्हटलं, थंडी सुरू झाली.’

त्यांनी फोन काढून माझ्यापुढे धरला. मी फोन घेतला, नंबर लावला. स्नेहल ऑफिसच्या मीटिंगमधून बाहेर येऊन बोलली. मी तिला एकदाच भेटले होते, हळदीकुंकवात नव्हे, आंबेडकर जयंतीच्या जेवणात. शांत मुलगी.

‘काकू, सरळ सांगा. काय खाल्लंय मी?’

मी सरळ सांगितलं. ती म्हणाली, ‘आज सकाळपासून ते फारसं हललेलं नाही. मी म्हटलं झोपलंय.’

मंगलाताई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मी चेहरा सांभाळला की नाही मला माहीत नाही.

हॉस्पिटलमध्ये मी गेले नाही, मला बोलावलं नव्हतं. त्यांचा मुलगा स्नेहलला घेऊन गेला, मंगलाताई कारखान्याच्या कपड्यांतच त्याच्या गाडीत बसल्या. मी लॅबमध्ये थांबून नवीन खोक्यातला स्वॅब तळहातावर फिरवला. तीन हजार शंभर. हा आकडा बघून आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, मीटरला आता माझा हात दिसतोय, पण त्या नाल्यात काय आहे ते तीन आठवडे कुणी पाहिलेलं नाही.

अडीच तासांनी मेसेज आला. फक्त एवढाच: ‘ठोके आहेत.’

डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं आणि निकालाची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू केलं. संजयला मी त्याच संध्याकाळी सांगितलं की मी चार दिवस थांबले नाही. तो बराच वेळ चिडून बोलला. मधेच थांबून म्हणाला, ‘माझी बायको असती तर मी तरी थांबलो असतो का,’ आणि फोन ठेवला.

ते चार दिवस मी काय केलं ते आठवत नाही. घरात कामं झाली असणार, कारण यादीवर खुणा आहेत.

निकाल आले. पनीर सगळं निगेटिव्ह. राखलेली पाकिटं, मंगलाताईंच्या फ्रिजमधली उरलेली चार, सगळी. स्नेहलचं रक्त निगेटिव्ह. आणि कटरच्या खालची नाली पॉझिटिव्ह. लिस्टेरिया तिथे होता. पनीरपासून अडीच फुटांवर. त्याने वर उडी मारली नाही ते आमचं कर्तृत्व नव्हे. लाइन नऊ दिवस बंद ठेवली, नालीचा भाग फोडून नवीन केला.

डॉक्टरांनी स्नेहलला सांगितलं होतं की धोका खूप कमी झाला आहे, पण लक्ष ठेवा. रक्त निगेटिव्ह आलं म्हणून मला निर्धास्त व्हावंसं वाटत होतं. पण निगेटिव्ह म्हणजे काय ते मला कळतं. त्या वेळी, त्या थेंबात सापडला नाही. शून्यावर विश्वास ठेवणं मी नुकतंच सोडलं होतं. डायरीच्या शेवटच्या पानावर मी सत्तर दिवसांचे सत्तर चौकोन आखले.

मंगलाताई आठवड्याने कामावर आल्या. बोर्डावरचा फोटो त्यांनीच काढला, घडी करून लॉकरमध्ये ठेवला. माझ्याशी बोलत नव्हत्या. फक्त रोज सकाळी लॅबच्या दारातून जाताना एक शब्द टाकायच्या: ‘ठीक.’ मी एक चौकोन भरायची. एकदा त्या येणार नव्हत्या हे मला माहीत नव्हतं. साडेआठ वाजेपर्यंत दारात कुणी आलं नाही. मी पार्किंगमध्ये जाऊन त्यांची गाडी शोधली. मग संजयनेच सांगितलं की बर्फामुळे त्यांची गाडी निघाली नाही.

अठ्ठावन्नाव्या चौकोनाला मुलगी झाली. सहा पौंड. मंगलाताईंनी दारात उभं राहून ‘ठीक’च्या ऐवजी तेवढंच सांगितलं. मी खुर्चीतून उठले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ‘अजून बारा आहेत न?’ म्हणाल्या. त्यांनाही मोजणी पाठ होती. त्यांच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा होत होत्या, हे मला नंतर स्नेहलने सांगितलं.

बाराही गेले. बाळ आता रांगतं. मी त्याला पाहिलंय, मांडीवर घेतलंय. घेताना मी हात तीनदा धुतले. स्नेहल बघत होती.

मला कामावरून काढलं नाही. चौकशी झाली, माझ्या फाइलमध्ये कागद लागला, तो मीच व्यवस्थित लिहून दिला. लॅबमधला ओव्हन दुसऱ्या खोलीत हलवला. मोदकांचं सारण मी आता करत नाही, मंडळात पाठदुखीचं कारण सांगते. पण ज्याबद्दल मला लिहायचं होतं ते हे सगळं नाही. भीती जाईल असं मला वाटलं होतं, ती गेलेली नाही. आकडा मोठा आला की घाबरते, छोटा आला की जास्त घाबरते.

सत्तर चौकोन संपल्याच्या दुसऱ्या सकाळी मंगलाताई लॅबमध्ये आत आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. ‘जय भीम,’ म्हणाल्या. मीही ‘जय भीम’ म्हटलं. त्यांनी भिंतीवरची माझी यादी वाचली, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

‘हे खूण तुम्ही एकटीनं नाही करायची आता.’

‘मग?’

‘आधी माझा हात. माझ्या डोळ्यांपुढं. मग तुमचा. मग दोघींची सही.’

तेव्हापासून रोज तसंच होतं. पावणेसातला त्या येतात, हातमोजा काढतात, तळहात पुढे करतात. त्यांचा हात क्लोरीनने पांढरट झालेला, बोटांच्या टोकांना भेगा. मी काडी फिरवते, दाबते, हलवते, मीटरमध्ये घालते. मग पंधरा सेकंद. कारखान्यात माझ्या वाट्याच्या कामात एवढे लांब सेकंद दुसरे नाहीत. दोघी पडद्याकडे बघत उभ्या असतो आणि मला माहीत आहे की त्या वेळी आम्ही दोघीही कटरच्या खालच्या नालीचा विचार करत असतो. आज सकाळी दोन हजार आठशे आले.

‘आहो जित्या,’ मंगलाताई म्हणाल्या, सही केली आणि हात धुवायला गेल्या.

मग मी माझा हात पुढे केला.